गव्हाणी घुबड व इतर घुबडें

गेल्या वर्षीं शाळू पोटरींत येण्याच्या सुमारास शेजारच्या गांवांतील एका वृद्ध सभासदांचा निरोप आला कीं, त्यांच्या वाड्याच्या माळ्यावर नाग शिरला असून तो रात्रभर फूत्कार टाकतो. नाग धरणारा माणूस दोनदां येऊन रित्या हातानें परत गेला होता. पुढें दोन दिवसांनीं त्यांच्या सुनेनें दिवेलागणीनंतर माळ्याच्या खिडकींतून कांहींतरी पांढरें, मुळींच आवाज न करतां, अंगणावरून तरंगत गेलेलें पाहिलें. आणि मग नागाची भीति मागें पडून दुसरीच भीति घरांत शिरली. मिरच्यांची धुरी द्यावी व नंतर खिडकी विटांनीं बुजवून टाकावी असें ठरलें. गवंड्यास सांगूनही ठेविलें होतें. तत्पूर्वीं एकदां पाहून जावें म्हणून आबांनीं (आम्ही सर्व त्यांस आबाच म्हणतों) मला बोलाविलें.

भर दुपारीं शिडी लावून आम्ही वर गेलों. मोडक्या कणगीच्या मागें भिंतीच्या कोनाड्यांत पांच पिलें एकमेकांस चिकटून बसलीं होतीं. सर्वांत मोठें कबुतराएवढें, तर धाकटें मुठींत मावेल एवढें. मधलीं तीन पायऱ्यांप्रमाणें उतरत्या मापाचीं. आम्हांस पाहतांच त्यांनीं डोकीं खालीं घालून डोलावयास सुरुवात केली, आणि तो नागाचा फूत्कार पांचही कंठांतून एकदम निघाला. आबा दोन पायऱ्या खालीं उतरले, मग हंसले. परंतु हंसून झाल्यावर त्यांनीं जो प्रश्न विचारला तो थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता. ते म्हणाले, "नाग नाहीं हें बरें झालें. पण शेवटीं घुबडच ना? मग तें तरी घरांत कशाला ठेवावयाचें?"

घुबड या एका शब्दांत आपण जें जें कोंबून ठेविलें आहे तें सुटें केल्याखेरीज या प्रश्नास नीट उत्तर देतां येत नाहीं.

रात्रीं उडणाऱ्या व समोर डोळे असलेल्या सर्व पक्ष्यांस सरसकट घुबड म्हणण्याची आपल्याकडे चाल आहे. दिवाभीत हें जुनें नांवही सर्वांस सारखेंच लावतात. एक पिंगळा तेवढा अंगानें लहान व रोजच्या पाहण्यांतला म्हणून वेगळा पडला. पहांटे कंदील घेऊन दारीं येणाऱ्या पिंगळा जोशामुळें त्याचें नांव तरी घरांत घेतलें जातें. पक्षिशास्त्रज्ञ मात्र घुबडांचीं मुळांतच दोन कुलें मानतात. पहिल्या कुलांत पिंगळा, शृंगी घुबड, मासे धरणारें हुमा घुबड व जगांतील इतर बहुतेक घुबडें येतात. त्यांच्या जाति दोनशेंहून अधिक आहेत. दुसरें कुल अगदीं लहान, सुमारें वीस जातींचें. गव्हाणी घुबड त्यांतलें. हीं दोन कुलें कोट्यवधि वर्षांपूर्वीं एकमेकांपासून फुटलीं, आणि तेव्हांपासून त्यांचे संसार निराळे चालले आहेत. उंच गवतांत राहणारें गवती घुबड हें गव्हाणी घुबडाचें आपल्या देशांतील जवळचें भाऊबंद. परंतु माणसाच्या छपराखालीं येऊन राहण्याची संवय आपल्याकडे या कुलांत गव्हाणी घुबडालाच आहे. गुरांपुढें वैरण टाकण्याची जागा ती गव्हाण. तेव्हां त्याचें ठिकाण त्याच्या नांवांतच सांगितलें आहे. हा पक्षी युरोप, आफ्रिका, अमेरिका व आशिया या सर्व खंडांत पसरलेला आहे. अलीकडे कांहीं शास्त्रज्ञ त्याचे तीन विभाग करून आपल्याकडील पक्ष्यास स्वतंत्र जाति समजतात. शेतकऱ्याच्या दृष्टीनें त्या वादांत फारसें कांहीं अडत नाहीं.

आतां रूपाकडे पाहूं. पिंगळा साळुंकीएवढा, पिवळ्या डोळ्यांचा व अंगभर पांढऱ्या ठिपक्यांचा. दिवसांही ढोलीच्या तोंडाशीं बसून वाटसराकडे पाहत मान खालींवर करतो. शृंगी घुबड घारीएवढें, नारिंगी डोळ्यांचें, डोक्यावर पिसांचीं दोन शिंगें असलेलें. ओढ्याच्या दरडी, दगडाच्या खाणी व डोंगरकपारी हें त्याचें ठिकाण. हुमा घुबडासही शिंगें असतात, पण तें पाण्याच्या कांठचें, आणि मासे धरावयाचे असल्यानें त्याच्या पायांच्या नळ्या उघड्या असतात. गव्हाणी घुबड यांपैकीं कोणासारखेंही दिसत नाहीं. तें साधारण कावळ्याएवढें, सुमारें चौदा इंच लांब असतें. पाठ सोनेरी व राखी रंगांची, तिच्यावर बारीक टिकल्या; पोट पांढरें, रेशमासारखें. शिंगें मुळींच नाहींत. चेहरा वाटोळा नसून पत्त्यांतील बदामाच्या आकाराचा, पांढरा, आणि त्याच्या कडेनें आंखूड ताठ पिसांची तपकिरी किनार. डोळे लहान व काळे. पाय लांब, बसलें असतां दोन्ही पाय ढोपराशीं एकमेकांस टेकल्यासारखे दिसतात. डोळ्यांच्या रंगावर एकट्यावर विसंबूं नये, कारण जुन्या चिंचांत व आमरायांत राहणाऱ्या एका मोठ्या ठिपकेदार घुबडाचेही डोळे काळपटच असतात. चेहऱ्याचा बदाम व पायांची लांबी पाहिली म्हणजे चूक होत नाहीं.

रस्त्यावर मोटारीच्या धक्क्यानें मेलेलें घुबड पुष्कळदां आढळतें. तें पाहण्याचा प्रसंग आल्यास पायांकडे नजर टाकावी. गव्हाणी घुबडाच्या मधल्या बोटाच्या नखास आंतल्या बाजूनें फणीसारखे बारीक दांते असतात, व आंतलें बोट मधल्या बोटाएवढेंच लांब असतें. पिंगळ्याच्या कुलांत आंतलें बोट आंखूड असतें. शरीराच्या आंत आणखी एक भेद आहे. कोंबडीच्या छातीपाशीं जें दुपाखी हाड निघतें, तें गव्हाणी घुबडांत उरोस्थीशीं जोडलेलें असतें. पिंगळ्याच्या कुलांत तसें नसतें. अशाच हाडांच्या खुणांवरून शास्त्रज्ञांनीं ही वांटणी केली.

आवाजाचा भेद मात्र डोळे मिटूनही कळतो. शृंगी घुबडाचा घूत्कार खोल व घुमणारा, दूरवर ऐकूं जाणारा. पिंगळ्यांची जोडी तिन्हीसांजेस भांडल्यासारखी किलबिल करते. गव्हाणी घुबड घूत्कार करीतच नाहीं. त्याची हांक म्हणजे कर्कश, ओढलेली किंकाळी, जुनें फडकें टरकन् फाडावें तशी. पिलें भुकेलीं असलीं म्हणजे रात्रभर घोरल्यासारखा आवाज काढतात, आणि कोणी जवळ आल्यास नागाप्रमाणें फूत्कारतात. ओसाड वाडा, मध्यरात्र, वरून घोरण्याचा आवाज, मग एक किंकाळी, आणि पाठोपाठ पांढरी आकृति निःशब्दपणें डोक्यावरून जाते. आपल्या गांवोगांवच्या पडक्या वाड्यांतील भुतांपैकीं निम्मींअधिक या एका पक्ष्यानें पुरविलीं असावींत असें मला वाटतें. बंगाल्यांत याच पांढऱ्या घुबडास लक्ष्मीचें वाहन मानतात व तें घरांत आल्यास घरचीं माणसें संतोष मानतात. पक्षी तोच, किंकाळीही तीच.

याहूनही मोठा भेद कानाचा आहे. त्यावरच या पक्ष्याची शेतांतील योग्यता उभी असल्यानें तो जरा विस्तारानें सांगतों.

सर्व घुबडांस अंधुक उजेडांत चांगलें दिसतें. पण शाळूच्या दाट पातींखालीं किंवा उंसाच्या पाचटाखालीं दडलेला उंदीर कितीही तीक्ष्ण डोळ्यांस दिसावयाचा नाहीं. गव्हाणी घुबड तो ऐकून धरतें. रॉजर पेन या अमेरिकन शास्त्रज्ञानें, जो पुढें देवमाशांच्या गाण्यांच्या शोधासाठीं प्रसिद्ध झाला, यासंबंधीं केलेले प्रयोग मोठे मनोरंजक आहेत. त्यानें एक खोली किंचितही प्रकाश येणार नाहीं अशी बंद केली, जमिनीवर वाळलीं पानें पसरलीं, घुबडास उंच बसविलें व खालीं उंदीर सोडला. पानांची सळसळ होतांच घुबडानें झेंप घालून उंदीर धरला. घुबड कदाचित् वासानें किंवा उंदराच्या अंगच्या उष्णतेनें येत असेल, अशी शंका कोणीही घेईल. म्हणून पेननें उंदरामागें कागदाचा बोळा बांधला. उंदीर पुढें, बोळा मागें खडखडत. घुबडानें नखें रोविलीं तीं बोळ्यांत! मग घुबडाच्या एका कानांत कापूस घातला, तेव्हां त्याची झेंप थोडक्यांत चुकूं लागली. दोन्ही कान मोकळे असतां दिशेंत होणारी चूक एका अंशाच्या आसपास असते, असें त्यास आढळून आलें. हे प्रयोग त्यानें १९७१ सालीं सविस्तर प्रसिद्ध केले.

ही करामत कशी साधते? एक म्हणजे तो बदामाकृति चेहरा. तो शोभेचा नाहीं. ताठ पिसांची ती किनार सुपासारखी असून आवाज गोळा करून कानांकडे नेते. कान पिसांखालीं, डोळ्यांच्या बाहेरच्या बाजूस असतात. दुसरें असें कीं, ते दोन कान एका पातळींत नसतात. डाव्या कानाचा मार्ग उजव्याहून उंच असून त्याचा रोख खालीं असतो. उजवा खालीं असून त्याचा रोख वर असतो. जमिनीवरचा आवाज डाव्या कानास मोठा, वरचा आवाज उजव्यास मोठा, असा फरक पडल्यानें आवाज किती उंचीवरून आला तें कळतें. डावें-उजवें कळतें तें आवाज कोणत्या कानांत आधीं पोंचला यावरून. हें अंतर सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्या जवळपास असलें तरी घुबडास पुरतें. १९७८ सालीं नडसेन व कोनिशी या शास्त्रज्ञांनीं असें दाखविलें कीं, या पक्ष्याच्या मेंदूंत आवाजांच्या दिशांचा जणूं नकाशाच मांडलेला असतो. अमुक पेशी अमुक दिशेच्या आवाजासच जागी होते. पिंगळ्याच्या कुलांतही कांहीं घुबडांचे कान असे विषम आहेत, परंतु आपल्या पिंगळ्याचे किंवा शृंगी घुबडाचे तसे नाहींत. त्यांची शिकार मुख्यतः डोळ्यांवर चालते.

कानांनीं शिकार करावयाची तर स्वतःच्या पंखांचा आवाज होतां कामा नये. कबुतर उडालें तर फडफड होते. गव्हाणी घुबडाच्या बाहेरच्या पिसाच्या पुढच्या कडेस बारीक फणी असते, मागच्या कडेस मऊ झालर असते, आणि वरची बाजू मखमलीसारखी असते. त्यामुळें हवा फाटतांना आवाज उठत नाहीं. शिवाय देहाच्या मानानें पंख मोठे, म्हणून तें शेतावरून पुरुषभर उंचीवरून मंदगतीनें तरंगत जाऊं शकतें, जागच्या जागीं क्षणभर थबकूं शकतें. लांब पायांचाही उपयोग येथेंच होतो. पिकांत अंग न अडकवितां पाय खालीं सोडून उंदीर उचलतां येतो. या सुखसोयीची किंमत मात्र त्यास पावसाळ्यांत द्यावी लागते. इतक्या मऊ पिसांवर पाणी ठरत नाहीं असें होत नाहीं. तीं लवकर भिजतात, भिजलेला पंख आवाज करतो, आणि पावसाच्या सरींत उंदराची सळसळही ऐकूं येत नाहीं. सतत झड लागली कीं त्याची उपासमार होते.

घरटें हा शब्द या पक्ष्यास लावावा कीं नाहीं याची मला शंका आहे. तें काडी आणीत नाहीं कीं पीस अंथरीत नाहीं. माळा, बंद पडलेल्या जिनिंगची किंवा गुऱ्हाळाची इमारत, गढीचा बुरूज, देवळाच्या शिखरांतील पोकळी, पडीक विहिरीचा कोनाडा, मोठी ढोली, अशी अंधारी, कोरडी व निवांत जागा मिळाली कीं मादी जमिनीवरच अंडीं घालते. अंडीं पांढरीं, साधारणतः चार ते सात. पिंगळ्याचीं अंडीं वाटोळीं असतात, याचीं किंचित् लांबट. एक अंडें घातल्यावर दुसरें दोन-तीन दिवसांनीं येतें, परंतु मादी पहिल्या अंड्यापासूनच उबवावयास बसते. सुमारें एक महिन्यानें पिलें त्याच क्रमानें निघतात. आबांच्या माळ्यावरच्या त्या पायऱ्यांचें कारण हेंच. उंदीर मुबलक असले तर पांचही वांचतात. टंचाई पडली तर मोठीं पिलें घांस उचलतात व धाकटीं उपाशीं मरतात, कधीं थोरल्यांच्याच पोटांत जातात. क्रूर वाटलें तरी ज्या हंगामांत जेवढे उंदीर तेवढीच संतति, असा हिशेब त्यांतून बसतो. आपल्या देशांत त्यांच्या विणीस ठराविक महिना नाहीं. भक्ष्य भरपूर असेल तेव्हां तीं वर्षांतून केव्हांही अंडीं घालतात. पिलें पन्नास ते साठ दिवसांचीं झालीं कीं उडूं लागतात.

खाण्याचा पुरावा हीं घुबडें स्वतःच टाकून ठेवतात. उंदीर सहसा सबंध गिळतात, मांस पचतें, आणि केंस व हाडें यांची गोळी बनून ती तोंडावाटें बाहेर पडते. ताजी गोळी काळीभोर व रोगण दिल्यासारखी चकचकीत असते. तीवरूनही गव्हाणी घुबड राहतें हें ओळखावें. त्या दुपारीं आम्हीं मूठभर गोळ्या खालीं आणल्या व ओसरीवर परातींत कोमट पाणी घेऊन त्या एकेक उकलल्या. प्रत्येकींत दोन-दोन, तीन-तीन कवट्या निघाल्या. पिवळ्या-नारिंगी पटाशीच्या दातांच्या त्या उंदरांच्या. एक लांबट, बारीक टोंकदार दातांची, ती चिचुंद्रीची. कोंबडीच्या पिलाचें एकही हाड निघालें नाहीं. आबांच्या सूनबाईंचा मुख्य आक्षेप कोंबड्यांविषयींचा होता, तो तेथेंच मिटला. कवट्या ओळीनें फरशीवर मांडल्यावर नातवंडांची गर्दी झाली आणि भुताची गोष्ट त्या दिवसापुरती तरी मागें पडली.

हिशेब सरळ आहे. एक पूर्ण वाढलेलें घुबड रात्रीं दोन-तीन लहान उंदीर सहज खातें; पिलें असतांना नर अंधार पडल्यापासून फेऱ्या घालीत असतो. शेतांतला उंदीर केवळ खातो त्यापेक्षां साठवितो अधिक. कणसें तोडून बिळांत नेतो, बांध व पाटाच्या कडा पोखरतो, आणि एका वर्षांत मादी अनेकदां विते. अशा शत्रूवर रोज रात्रीं फिरणारा, पगार न मागणारा पहारेकरी माळ्यावर बसला असतां त्यास धुरी द्यावयाची, आणि मग दुकानांतून विष विकत आणावयाचें!

तथापि या पक्ष्याची उगाच थोरवी गाणाऱ्यांशीं मी सहमत नाहीं. पूर्ण वाढलेली मोठी घूस त्याच्या आटोक्याबाहेर आहे. ती मारावयास शृंगी घुबडच पाहिजे, व तेंही आपल्या माळांवर आहे, त्यासही कोणी दगड मारूं नये. पिंगळा नाकतोडे, भुंगेरे व लहान उंदीर खाऊन आपल्या परीनें हातभार लावतो. उंदरांचा उद्रेक झाला असतां घुबडाच्या एका जोडीनें तो आवरेल असें समजणें भोळेपणाचें होय. बिळें खणणें, बांध अरुंद व स्वच्छ ठेवणें, सापळे लावणें, हीं कामें घुबड असलें तरी आपल्यालाच करावीं लागतात. घुबड उद्रेक होऊं न देण्यास मदत करतें. झालेला उद्रेक मोडून काढण्याचें काम त्याचें नव्हे.

परदेशांत याचा पद्धतशीर उपयोग झाला आहे. मलेशियांतील तेलताडाच्या मळ्यांत उंदीर फार. तेथें मळ्यांतून लांकडी पेट्या उभारून गव्हाणी घुबडांस जागा देण्यांत आली व तीं मोठ्या संख्येनें येऊन राहिलीं. इस्रायलमध्यें १९८३ सालीं बेत शआन खोऱ्यांतील स्दे एलियाहू या सामुदायिक शेतीच्या गांवीं पेट्या लावण्यास आरंभ झाला. पुढें ही पद्धति देशभर पसरली, व २००२ पासून सीमेपलीकडील जॉर्डनचे शेतकरीही त्यांत सामील झाले. घुबडास सीमा कळत नाहीं, तेव्हां एका बाजूनें विष घालून दुसऱ्या बाजूनें पेट्या लावण्यांत अर्थ नाहीं, हें दोघांसही पटलें. उलट सेशेल्स बेटांत १९४९ सालीं व हवाई बेटांत १९५८ सालीं उंदरांसाठीं म्हणून गव्हाणी घुबडें बाहेरून नेऊन सोडलीं. त्यांनीं तेथील समुद्रपक्ष्यांवरच हात मारला. म्हणून कोठून तरी घुबडें धरून आणून सोडण्याच्या भानगडींत कोणी पडूं नये. आपल्या प्रदेशांत तीं आहेतच. जागा व निवांतपणा मिळाल्यास आपण होऊन येतात.

विषाचा प्रश्न याहून नाजूक आहे. ब्रोमाडायोलोनसारखीं, रक्त गोठूं न देणारीं विषें खाल्लेला उंदीर लगेच मरत नाहीं. तो कांहीं दिवस अडखळत हिंडतो, आणि असा उंदीर घुबडास सर्वांत सोपा. त्याच्या देहांतील विष घुबडाच्या देहांत सांचत जातें. मलेशियांतील कांहीं मळ्यांत याच प्रकारच्या जहाल विषांच्या वापरानंतर घुबडें कमी झाल्याचें १९८० नंतरच्या दशकांत दिसून आलें. झिंक फॉस्फाईडनें उंदीर लवकर मरतो व तें देहांत तसें सांचत नाहीं, परंतु तेंही माणसांस व जनावरांस घातक आहे, आणि मेलेले उंदीर उघड्यावर पडूं देणें केव्हांही वाईट. ज्या वस्तींत घुबडांचीं पिलें असतील तेथें निदान तीं उडेपर्यंत आमिष घालूं नये. सापळा वापरावा, व विष घालणें प्राप्तच झालें तर मेलेले उंदीर रोज सकाळीं गोळा करून खोल पुरावे.

जुने वाडे पडत चालले व त्यांच्या जागीं स्लॅबचीं घरें आलीं, त्यांत घुबडास शिरण्यास फट नाहीं. म्हणून पेटीची माहिती देतों. जाड फळ्यांची पेटी करावी. तळ दोन फूट लांब व दीड फूट रुंद असावा. आंत जाण्याचें भोंक पांच इंच चौरस ठेवावें, आणि भोंकापासून तळापर्यंत दीड फुटाचें अंतर राखावें. हें अंतर कमी पडल्यास पिलें अकालीं बाहेर पडतात व खालीं कुत्र्यामांजरांच्या तोंडीं जातात. मागच्या बाजूस साफसफाईसाठीं झांकण असावें. पेटी गोठ्याच्या, गोदामाच्या किंवा विहिरीवरील खोलीच्या आंत, आढ्याजवळ, दहा ते पंधरा फूट उंचीवर, दुपारचें ऊन लागणार नाहीं अशा बाजूस बसवावी. जोडी कदाचित् पहिल्याच वर्षीं येईल, कदाचित् तीन वर्षें येणार नाहीं. आल्यावर शिडी लावून वारंवार डोकावूं नये, कारण अंडीं असतांना मादी बिथरली तर तीं सोडून जाते. शेतांत माणसाहून उंच अशा टी-आकाराच्या खुंट्या रोविल्या तर त्यांवर बसून ऐकण्याची सोय होते. इंग्लंडांत हीं घुबडें गुरांच्या पाण्याच्या हौदांत बुडून मेल्याचीं उदाहरणें पुष्कळ आहेत. आपल्याकडे प्लॅस्टिक अंथरलेलीं शेततळीं झालीं आहेत, त्यांच्या कडेहून एक जाड दोर किंवा फळी पाण्यांत सोडून ठेवावी. पडलेल्या जिवास, मग तो घुबड असो कीं खार, वर येतां येतें.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणें सांगितली पाहिजे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें घुबड धरणें, मारणें वा विकणें हा गुन्हा आहे. असें असूनही दिवाळीच्या सुमारास जादूटोण्यासाठीं घुबडांची चोरटी विक्री होते. २०१० सालीं वन्यजीवांच्या व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या ट्रॅफिक या संस्थेनें यावर स्वतंत्र अहवाल काढला होता. गांवांत अनोळखी माणूस घुबडाची जागा विचारीत आला तर त्यास ती दाखवूं नये, वनखात्यास कळवावें. लोकांची भीति घालविण्याचे प्रयत्नही चालूं आहेत. पुरंदर तालुक्यांतील पिंगोरी येथें २०१८ सालीं घुबडांचा उत्सव भरविण्यांत आला.

आबांच्या वाड्यांत पुढें काय झालें तें सांगावयाचें राहिलें. गवंडी आला तो पडवीची भिंत दुरुस्त करून गेला. खिडकी तशीच राहिली. माळ्याखालच्या खोलींत झोंपणाऱ्या मंडळींनीं महिनाभर बिऱ्हाड माजघरांत हलविलें, कारण पिलांचें घोरणें खरोखरच असह्य होतें, तें मी नाकारीत नाहीं. पांचांपैकीं चार पिलें उडालीं. धाकटें एके सकाळीं नाहींसें झालेलें आढळलें, आणि त्याचें काय झालें असावें तें मीं वर लिहिलेंच आहे. ही गोष्ट सूनबाईंस मात्र सांगितली नाहीं. यंदा मृगाच्या आधीं माळा झाडावयास गेलेल्या गड्यानें दोन टोपल्या गोळ्या खालीं आणल्या. आबांनीं त्या केळीच्या बुंध्याशीं पुरून टाकल्या. गेल्या आठवड्यांत त्यांचा पुन्हां निरोप आला. मळ्यांतील नव्या गोठ्यास जुन्या वाड्यासारखी फट नाहीं, तरी पेटीचीं मापें कागदावर लिहून पाठवावीं. सुतार बुधवारीं यावयाचा आहे.